पाचवा माग



सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी बोलत मी मोठा झालो. पुढच्या खोलीत टॉवेलचे चार यंत्रमाग होते. दिवाळीआधी चार पैसे शिल्लक राहिले की वाद ठरलेला. वडिलांना पाचवा माग हवा असे, आईला पाटल्या आणि आजोबांना अक्कलकोट रस्त्याला थोडी जागा. गुंतवणुकीचे वाटप हा विषय मी तिथे, सुताच्या गोण्यांवर बसून शिकलो. त्या वादाचा निकाल कशावर लागतो, हे मात्र बँकेत नोकरीला लागल्यावर कळले.

4 मे 2022 चा दिवस आठवा. ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर नेला. अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण रेपोशी जोडलेले 20 लाखांचे कर्ज असेल, तर वर्षाला जवळजवळ 50 हजार रुपये जास्त व्याज. लहान कारखानदाराचा पाचवा माग तिथेच अडतो. रिझर्व्ह बँकेचाही इलाज नव्हता. एप्रिल 2022 मध्ये महागाई 7.79 टक्के होती आणि मुदत ठेवीवर पाच-साडेपाच टक्के मिळत होते. निवृत्त शिक्षकाची पुंजी बँकेत राहूनच झिजत होती. अशा वेळी माणूस सोन्याकडे वळला, तर त्याला अडाणी म्हणू नका. त्याचा हिशेब बरोबर असतो.

मग व्याज उतरले की माग वाढतात का? 2025 ने याचे उत्तर दिले. फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो 6.50 वरून 5.25 वर आला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले. परदेशी जाणाऱ्या टॉवेलवर ज्यांचे घर चालते, त्यांना स्वस्त कर्जाचे काय अप्रूप? मागणीच नसेल तर फुकटच्या पैशातूनही नवा माग कोणी घेत नाही. पतधोरण दार उघडते. आत यायचे की नाही, हे गिऱ्हाईक ठरवते. माझ्या मते पाठ्यपुस्तकांत हे फार हळू आवाजात सांगितलेले असते.

उलटेही घडते. 1877 साली, महादुष्काळाच्या ऐन दिवसांत, मोरारजी गोकुळदासांची गिरणी इथे सोलापुरात सुरू झाली. मुलूख होरपळत होता. पण कापूस जवळ होता, रेल्वे 1860 पासूनच दाराशी होती आणि कापडाला बाजार होता. आपण तिला आजही जुनी गिरणी म्हणतो.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण बँकेत जातील, काही घरचा कारखाना सांभाळतील. वडिलांच्या लाल वहीत रोज सकाळी एकच आकडा चढायचा, सुताचा भाव. तुम्ही त्याच्या शेजारी तीन रकाने आखा: रेपो, महागाई आणि हातातल्या ऑर्डरी. मग घरी बसा, आईचेही ऐका आणि पाचव्या मागाचे ठरवा.