ॲपची मांडणी आणि कामकऱ्याचा हात



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर किंवा कामगार कायद्यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'ॲपची मांडणी' हा विषय कळवला, तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. आमचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि रात्री नगर वाचनालयात. पण आज कामगाराची हजेरी मोबाईलवर लागते, रजा मोबाईलवर मागावी लागते आणि पगाराची चिठ्ठीही मोबाईलवरच येते. पूर्वी पंचिंगचे घड्याळ कारखान्याच्या फाटकाशी असे. आता ते कामगाराच्या खिशात आले आहे. ते त्याच्या हाताला नीट बसते की नाही, हे पाहणे आम्ही आमचे काम समजतो.

आरंभ लेथपासून करतो, कारण ते आमच्या ओळखीचे यंत्र आहे. १९९२ च्या सुमारास आम्ही एका कारखान्यात टर्नर होतो. शेजारच्या लेथवर आमच्याहून दहा वर्षांनी वडील असे एक कुशल कारागीर काम करीत. त्यांच्या यंत्राचा दांडा खाली केला की चक फिरे, वर केला की थांबे. एके दिवशी त्यांना दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर घातले. तेथे सगळे उलट होते. सकाळभर त्यांनी जपून काम केले. दुपारी सदऱ्याची बाही चकमध्ये अडकू लागली. अशा क्षणी माणसाचे डोके काम करीत नाही, हात करतो. हाताने जुन्या सवयीने दांडा वर ओढला. यंत्र चालूच राहिले. त्यांची दोन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा शेरा पडला, आणि तेव्हा आम्हांलाही त्यावर काय बोलावे ते सुचले नाही.

पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात एक हकिगत आली. १९४७ साली अमेरिकेत पॉल फिट्स आणि जोन्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांच्या ४६० चुकांचा अभ्यास केला. या सर्व चुका 'वैमानिकाची चूक' या एका सदरात टाकलेल्या होत्या. त्यांना असे दिसले की, पुष्कळ प्रसंगी वैमानिकाने एका दांड्याऐवजी दुसराच ओढला होता. इंजिनाच्या दांड्यांचा क्रम सर्व विमानांत सारखा नव्हता, हे त्याचे एक मोठे कारण होते. वैमानिक विमान बदलत होता, पण त्याचा हात बदलत नव्हता. ते वाचले तेव्हा आम्हांला आमच्या त्या सोबत्याच्या चौकशीचा कागद आठवला.

आता मोबाईलकडे वळू. ॲपचा जो भाग आपल्या डोळ्यांसमोर आणि बोटांखाली येतो, त्याला जाणकार इंटरफेस म्हणतात. आम्ही साधेपणाने मांडणी म्हणू. ज्या यंत्रणेवर ॲप चालते, ती त्याचा प्लॅटफॉर्म. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज आणि मॅक हे आपल्याकडचे मुख्य चार. एकच ॲप या चारही ठिकाणी चालवायचे, तर मांडणी एकच ठेवावी की वेगवेगळी, हा आजचा प्रश्न. आमच्या मते, काम एकच असावे, पण हत्यार ज्याच्या त्याच्या हाताचे असावे. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण हात. टेबलावरच्या संगणकाला माउस असतो आणि त्याचे टोक सुईसारखे बारीक. मोबाईलवर मात्र अंगठा टेकतो, आणि तोही कधी सिमेंटने खरखरीत झालेला, कधी ओला. म्हणून ॲपल कंपनी आपल्या नियमावलीत सांगते की, बोटाने दाबण्याची जागा निदान ४४ गुणिले ४४ पॉइंटांची ठेवा. गूगलची नियमावली अँड्रॉइडसाठी ४८ गुणिले ४८ एककांची जागा सांगते. पडद्यावर ती सुमारे ९ मिलिमीटर भरते. त्याच फिट्सने १९५४ साली मोजून दाखवले होते की, लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका त्यावर नेमका हात जायला वेळ अधिक लागतो. आणखी एक भेद पाहा. माउस एखाद्या चिन्हावर नुसता नेला, तरी त्याचा अर्थ सांगणारी पट्टी उघडते. बोटाला ही सोय नाही. बोट टेकले म्हणजे दाबलेच. म्हणून जे अर्थ त्या पट्टीत लपवून ठेवलेले असतात, ते मोबाईलवाल्याला कधीच कळत नाहीत.

दुसरे कारण सवय. अँड्रॉइडवर 'मागे' जाण्याची सोय फोनच्याच यंत्रणेत आहे. पूर्वी त्यासाठी खाली बटण असे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत सरकवले तरी माणूस मागे जातो. आयफोनवर तसे सर्वत्र चालणारे बटण नाही. तेथे बहुधा वर डाव्या कोपऱ्यात बाण असतो किंवा डाव्या कडेवरून बोट सरकवायचे असते. विंडोजवर 'ओके' डावीकडे आणि 'कॅन्सल' त्याच्या उजवीकडे; मॅकवर 'ओके' अगदी उजवीकडे. खिडकी बंद करण्याची खूण विंडोजवर उजव्या कोपऱ्यात, तर मॅकवर डाव्या. यांत बरोबर कोण, हा वाद व्यर्थ आहे. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने हाकावी की उजव्या, यासारखाच तो प्रकार. ज्या गावात आपण गाडी हाकतो, त्या गावचा नियम पाळावा, नाहीतर माणसे मरतात.

तिसरे कारण ठिकाण. कचेरीतला कारकून पंख्याखाली बसून दोन्ही हातांनी काम करतो. त्याला एका नजरेत चाळीस नावांची यादी हवी आणि टॅब-एंटर दाबत भराभर पुढे जाता आले पाहिजे. झाडूवाली बाई उन्हात उभी असते. एका हातात झाडू, दुसऱ्यात फोन. तिला एका वेळी एकच प्रश्न हवा आणि अक्षर ठसठशीत हवे. दोघांनाही एकाच मापाचा सदरा घालू म्हटले, तर एकाला तो सैल होईल आणि दुसऱ्याचा गळा आवळेल.

ही चूक फक्त लहान लोक करतात असे नाही. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ बाजारात आणले. बोटाचा पडदा आणि टेबलावरचा संगणक या दोहोंना एकच मांडणी द्यावी, असा त्यामागचा विचार. वर्षानुवर्षे खाली डाव्या कोपऱ्यात असलेले 'स्टार्ट'चे बटण काढून टाकले आणि पडदाभर मोठमोठे चौकोन आले. बोटाला ते सोयीचे होते. माउस धरून बसलेल्या कोट्यवधी लोकांना संगणक बंद कोठून करावा तेही सापडेना. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये बटण परत आणावे लागले, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये जुन्या धर्तीची यादीही परत आली. कंपनी एवढी मोठी, पण लोकांच्या हातांनी तिला माघार घ्यायला लावली.

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता आमची स्वतःची सांगतो. कंत्राटी कामगारांच्या ओव्हरटाइमचा पुरावा राहावा म्हणून आमच्या युनियनने एक ॲप करवून घेतले. कामावर किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, हे प्रत्येकाने रोज त्यात लिहायचे. एका उमद्या मुलाने पैसे न घेता ते करून दिले. त्याने ते आपल्या संगणकावर आखले, आपल्या आयफोनवर पाहिले. आम्हीही त्याच्याच फोनवर पाहिले आणि 'वा' म्हटले. आमच्या सभासदांपाशी बहुतेक स्वस्तातले अँड्रॉइड फोन आहेत, हे आम्हांला ठाऊक होते. पण त्या दिवशी ते आमच्या मनात आले नाही.

पुढे तडजोडीची बैठक लागली. ठेकेदाराच्या माणसाने आमच्याच नोंदी मोजल्या. एका बाईंच्या महिन्यातल्या अकरा दिवसांच्या नोंदी नव्हत्या. अकरा दिवसांचा ओव्हरटाइम कापला गेला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, मी रोज लिहीत होते हो." आम्ही त्यांचा फोन मागून घेतला आणि त्यांना लिहून दाखवायला सांगितले. त्यांनी वेळ भरली, मग तारीख तपासावी म्हणून फोनच्या सवयीने 'मागे' गेल्या, आणि सगळा अर्ज कोरा झाला. त्या मुलाने फक्त आपला वरचा बाण ध्यानात घेतला होता. अँड्रॉइडचे 'मागे' त्याच्या हिशेबात नव्हते. शिवाय 'जतन करा'चे बटण त्या लहान पडद्यावर टंकाच्या पाटीखाली झाकले जात होते. बाई प्रामाणिकपणे लिहीत होत्या आणि आमचे ॲप ते मुकाट्याने पुसत होते. आता 'निष्काळजीपणा'चा शेरा कोणाच्या नावावर मारायचा? आमच्या नावावर. ते अकरा दिवसांचे पैसे आम्ही युनियनच्या निधीतून दिले, पण त्या बाईंचा आमच्यावरचा विश्वास परत यायला त्याहून अधिक काळ लागला.

त्यानंतर आम्ही त्या मुलाला घेऊन बायकांच्या वस्तीत गेलो. पुठ्ठ्याचे फोनएवढे तुकडे कापले, त्यांवर पेन्सिलीने बटणे काढली आणि ती त्यांच्याकडून दाबवून घेतली. पुष्कळ गोष्टी तेथेच कळल्या. ॲपमध्ये 'प्रारंभ वेळ' असे लिहिले होते, बायका म्हणाल्या, "किती वाजता आलात असे सरळ विचारा की!" 'सबमिट'चे 'पाठवा' झाले. इंग्रजी शब्दाच्या मापाने आखलेल्या बटणात मराठी शब्द मावत नाही आणि देवनागरीची वेलांटी वर व उकार खाली छाटला जातो, म्हणून ओळींतले अंतर वाढवले. लिहिलेला प्रत्येक आकडा त्याच क्षणी आपोआप जतन होऊ लागला. मग कोणी 'मागे' गेले तरी काही जात नाही. कचेरीतल्या वर्गणी लिहिणाऱ्या ताईंनाही विचारले. त्यांच्या संगणकावर मोबाईलचीच मांडणी ताणून बसवली होती आणि एकेका आकड्यासाठी त्यांना माउस उचलावा लागे. त्यांना सबंध तक्ता एका पानावर करून दिला. नावे, शब्द, कामाचा क्रम आणि हिशेब सगळीकडे एकच ठेवले. बटणांच्या जागा, 'मागे'ची रीत आणि एका वेळी किती दाखवायचे, एवढे ज्याच्या त्याच्या यंत्राप्रमाणे बदलले.

यावर मालकपक्षाचा एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही. चार मांडण्या म्हणजे चौपट खर्च, असे ते म्हणतात. पण आता रिॲक्ट नेटिव्ह किंवा फ्लटर अशा साधनांनी बराचसा भाग एकदाच लिहून सगळीकडे चालवता येतो. उरते ते प्रत्येक ठिकाणी जाऊन तपासण्याचे काम. ते टाळले म्हणजे खर्च वाचतो, असे नाही. तो खर्च अकरा दिवसांच्या ओव्हरटाइमच्या रूपाने त्या बाईच्या पदरातून जातो, एवढेच. वहीत मात्र तो कोठे दिसत नाही.

कामगारांनी यात बोलावे, ही कल्पना आमची नव्हे. नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९७० नंतरच्या वर्षांत तेथील लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम केले, आणि १९७५ साली तेथे मालक व कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांत, कामावर संगणक आणताना कामगारांचे म्हणणे घेण्याविषयी करार झाला. पुढे १९८१ पासून 'युटोपिया' नावाच्या प्रकल्पात स्कँडिनेव्हियातील छापखाना कामगारांनी वर्तमानपत्राची पाने लावण्याच्या संगणकाची मांडणी ठरवण्यात भाग घेतला. यंत्र तयार होण्याआधी त्यांनी खोकी, कागद आणि प्लायवूड यांचे नमुने करून त्यांवर काम करून पाहिले. आमचे पुठ्ठ्याचे तुकडे तेथूनच आले. आपल्या महाराष्ट्रातही २०२१ च्या ऑगस्टमध्ये हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन कमी ताकदीचे आणि नोंदीचे ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. त्या भगिनींना काम टाळायचे नव्हते. काम करता येईल असे हत्यार त्या मागत होत्या.

म्हणून आम्ही आता आमच्या मागणीपत्रात तीन कलमे घालतो. कोणतेही ॲप सक्तीचे करण्यापूर्वी ते कामगारांच्या स्वतःच्या फोनवर पंधरा दिवस चालवून पाहावे. त्यातले मराठी शब्द कामगारांना विचारून ठरवावेत. आणि नोंद चुकली, तर चौकशी होईपर्यंत पगार कापू नये. तोवर कागदी हजेरीपट जवळ ठेवावा.

सभ्य श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले, सुना, जावई पुण्या-मुंबईत वा परदेशात संगणकाच्या नोकरीत आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत ती घरी येतील. त्यांना आमचा एक निरोप सांगावा. तुम्ही केलेले ॲप आधी आपल्या आईच्या फोनवर उघडा, मग भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या फोनवर उघडा, आणि त्या चुकल्या तर शिकवू नका. गप्प बसून त्यांचा अंगठा कोठे जातो ते पाहा. आमच्या सोबत्याचा हात कोणत्या बाजूला जाईल, हे त्या दिवशी कोणी आधी पाहिले असते, तर आज त्याची दहाही बोटे शाबूत असती.