बीथोव्हेनचे हस्ताक्षर : स्वभावाचे की श्रमाचे?

(देवस्थानच्या व्याख्यानमालेत वाचलेले भाषण)



कागदाच्या शिरोभागी ‘श्री’ काढावयाची आणि मगच पहिली ओळ लिहावयाची, ही आपल्या घराण्यांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत होय. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेसाठी योजिला आहे. अक्षराचे वळण, शाई, लेखणी, कागद यांचा इतका बारीक विचार एका विरक्त पुरुषाने करावा, यावरून अक्षराला आपल्याकडे केवढा मान होता ते ध्यानी येते. मात्र समर्थांच्या लेखी सुंदर अक्षर ही अभ्यासाने साध्य करावयाची गोष्ट आहे. अक्षरावरून लिहिणाऱ्याचे अंतरंग ओळखावे, हा विचार निराळा. आणि त्याची पद्धतशीर मांडणी झाली ती युरोपात.

इटलीतील बोलोन्या येथील कामिल्लो बाल्दी या प्राध्यापकाने १६२२ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशाँ या फ्रेंच धर्मोपदेशकाने या विद्येला ‘ग्राफॉलॉजी’ हे नाव दिले. तिचे ठोकताळे साधारणपणे असे : अक्षर उजवीकडे कलले तर माणूस भावनाप्रधान, ओळ वर चढत गेली तर आशावादी, लेखणीचा दाब भारी असेल तर विकार प्रबळ, अक्षर मोठे असेल तर अहंभाव मोठा. अशा विद्येला थोर पुरुषांची पत्रे म्हणजे पर्वणीच. त्यांतही लुडविग व्हान बीथोव्हेन या संगीतकाराचे अक्षर तर तिला जणू आयतेच सापडलेले उदाहरण.

बीथोव्हेनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी जर्मनीतील बॉन शहरी झाला. १७९२ साली तो व्हिएन्नाला गेला आणि २६ मार्च १८२७ रोजी तेथेच निवर्तला. त्याच्या स्वरलिपीची पाने पाहिली म्हणजे प्रथमदर्शनी मन गोंधळून जाते. शाईचे डाग, आडव्यातिडव्या रेघा, खोडलेल्या ओळींवर पुन्हा लिहिलेल्या ओळी, समासापर्यंत धावलेले स्वर. त्याचा संतापी स्वभाव, अव्यवस्थित घर आणि ऐन तारुण्यात ओढवलेले बहिरेपण यांच्या कथा सर्वांना ठाऊक असल्यामुळे ‘जसे अक्षर तसा माणूस’ असा निवाडा तत्काळ देऊन टाकण्याचा मोह होतो. परंतु जो निवाडा आधी ठाऊक आहे, त्याला मागाहून पुरावा शोधणे ही परीक्षा नव्हे. मूळ कागद क्रमाने तपासले तर काय दिसते, ते पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम त्याच्या सर्वांत दुःखी दिवसांचा कागद घ्यावा. व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात राहत असता ६ ऑक्टोबर १८०२ रोजी त्याने आपल्या भावांस उद्देशून एक दीर्घ लेख लिहिला. श्रवणशक्ती जात चालली आहे, लोकांत मिसळणे अशक्य झाले आहे, जीव द्यावा असे मनात येऊन गेले आणि केवळ कलेने मागे ओढून धरले, असा त्याचा आशय. पुढे १० तारखेस त्यास एक पुरवणीही जोडली आहे. हा मूळ कागद आज हांबुर्गच्या ग्रंथालयात आहे. आता अक्षर जर अंतःकरणाचा आरसा असेल, तर येथे अक्षर विस्कटलेले असावयास हवे. प्रत्यक्षात बीथोव्हेनच्या मानाने हा कागद चांगलाच नीटनेटका आहे. शांतपणे बसून केलेल्या पक्क्या प्रतीसारखा दिसतो. ज्या दिवशी मन सर्वाधिक ढासळले होते, त्या दिवशी हात स्थिर होता. त्या कागदावर नजर अडते ती अक्षरापाशी नव्हे, तर एका मोकळ्या जागेपाशी. कार्ल या भावाचे नाव स्पष्ट लिहिले आहे. धाकट्या योहानच्या नावाची जागा मात्र कोरी सोडली आहे. याचे कारण काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु अक्षराचा कल मोजणाऱ्या विद्येजवळ न लिहिलेल्या नावासाठी कोणतेही माप नाही.

दुसरा कागद प्रेमपत्राचा. ‘अमर प्रिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनामिक स्त्रीस लिहिलेले हे पत्र त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत सापडले. त्यावर ६ जुलै, सोमवार एवढेच आहे, साल नाही. ते १८१२ चे असल्याचे ठरले, ते कोणत्या वर्षी त्या तारखेस सोमवार पडतो याचा हिशेब करून आणि कागदातील जलचिन्ह पाहून. आणखी एक गंमत अशी की, हे पत्र पेन्सिलीने लिहिलेले असून ती पेन्सिल त्या स्त्रीचीच आहे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा या पत्रातील अक्षराचा दाब पाहून प्रेमाची उत्कटता ठरवू जाणाऱ्याने आपण दुसऱ्याच्या पेन्सिलीचे टोक तर तपासत नाही ना, हे आधी पाहावे!

लिपीचाही प्रश्न आहेच. त्या काळचे जर्मन लोक स्वभाषेतील पत्रे कुरेंट नावाच्या टोकदार, झपाट्याने लिहावयाच्या लिपीत लिहीत आणि इटालियन वा फ्रेंच शब्द रोमन वळणात काढीत. बीथोव्हेनही तसेच करी. आपल्या पूर्वजांच्या दप्तरांत हिशेब मोडीत आणि पोथी बाळबोधीत आढळते, तोच हा प्रकार. एकाच माणसाची मोडी पाहिली तर तो घाईचा वाटेल आणि बाळबोध पाहिली तर सात्त्विक वाटेल. माणूस मात्र तोच.

मग स्वरलिपीच्या पानांवरील त्या खाडाखोडीचा अर्थ काय? याचे उत्तर त्याच्या कच्च्या टिपणांच्या वह्यांनी दिले. गुस्टाव्ह नॉटेबोम या अभ्यासकाने १८६५ व १८८० साली अशा दोन वह्यांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा संगीतविश्वास प्रथमच नीट कळले की, झपाटल्याप्रमाणे एका दमात लिहिणारा हा कलावंत नव्हता. एकेक स्वरावली तो पुन्हा पुन्हा लिहून पाही, खोडी, बदली आणि कित्येकदा दीर्घ काळानंतर पुन्हा हाती घेई. फिरावयास जाताना घडी घातलेल्या कागदांची लहान वही खिशात असे. तीत चालता चालता पेन्सिलीने टिपणे होत. घरी मेजावरच्या मोठ्या वहीत शाईने काम चाले. उभ्याने, उघड्यावर, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलेले अक्षर वाकडे येणारच. त्या पानांवर जे दिसते ते संतापाचे वादळ नसून असमाधानाचा प्रदीर्घ हिशेब आहे. ‘एवढ्याने भागणार नाही’ असे स्वतःलाच सांगत राहिलेल्या माणसाचे ते रोजकीर्द.

याहून बोलका पुरावा १८२५ सालच्या ऑगस्टमधील एका पत्रात आहे. आपल्या एका नव्या चतुष्टयाच्या, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी रचलेल्या कृतीच्या, नकला तयार होत असताना त्याने कार्ल होल्ट्स या साहाय्यकास बजावले की, स्वरावर जेथे टिंब आहे तेथे टिंबच यावे, उभी रेघ येता कामा नये; दोन्हींचा अर्थ एक नव्हे. ज्याचे पान लेखनिकांना लागता लागत नसे, तोच माणूस टिंब आणि रेघ यांच्यातील भेदासाठी असा जीव टाकीत होता! त्याच वर्षी एका लेखनिकाच्या पत्रावर भल्याथोरल्या रेघा ओढून त्याने वर शिव्याही लिहिल्या आहेत. संताप होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गबाळे अक्षर म्हणजे निष्काळजी मन, हे समीकरण या एका टिंबापाशीच मोडून पडते.

संतापाचे सर्वांत प्रसिद्ध पान तिसऱ्या सिंफनीचे. ही रचना त्याने नेपोलियन बोनापार्टच्या नावे योजिली होती. १८०४ च्या मे महिन्यात नेपोलियनने सम्राटपद घेतले, ते ऐकून बीथोव्हेन भडकला, असे त्याचा शिष्य फर्डिनांड रीस याने लिहून ठेवले आहे. व्हिएन्नात जपून ठेवलेल्या लेखनिकाच्या प्रतीवर बोनापार्टचे नाव इतक्या जोराने खरवडले आहे की कागदास भोक पडले आहे. बहुतेकांची कथा या भोकापाशी संपते. परंतु त्याच पानावर खाली, बीथोव्हेनच्याच हातच्या पेन्सिलीच्या पुसट अक्षरांत, ही रचना बोनापार्टवर लिहिल्याची नोंद आहे; आणि २६ ऑगस्ट १८०४ रोजी प्रकाशकास लिहिलेल्या पत्रातही या सिंफनीचे खरे शीर्षक बोनापार्ट हेच असल्याचे त्याने कळविले. १८०६ साली ती छापली गेली, तेव्हा एका थोर पुरुषाच्या स्मृतीप्रीत्यर्थ एवढाच उल्लेख राहिला. राग खरा, ओढही खरी. भोक सर्वांना दिसते. पेन्सिलीची ओळ वाचावयास कागद उजेडाकडे धरावा लागतो.

याचा अर्थ हस्ताक्षराचा अभ्यास व्यर्थ आहे असा मात्र नव्हे. १८१८ पासून लोक बीथोव्हेनशी वहीवर लिहून बोलत आणि तो बहुधा तोंडानेच उत्तर देई. अशा सुमारे १४० वह्या शिल्लक असून त्यांत अक्षरे प्रायः इतरांचीच आहेत. स्वतः बीथोव्हेनच्या हातची टिपणे आणि आकडेमोड अधूनमधून भेटते. गुणाकार न येणारा हा महान संगीतकार तोच आकडा खालोखाल मांडून बेरीज करताना आढळतो. या वह्यांत त्याचा चरित्रकार अँटोन शिंडलर याने त्याच्या मृत्यूनंतर कोऱ्या जागी स्वतःचे बनावट संवाद घुसडले होते. १९७० नंतरच्या दशकात बर्लिनच्या अभ्यासकांनी लेखनाची जागा, अक्षर आणि संवादाची संगती तपासून ही लबाडी उघडकीस आणली. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, मागाहून लिहिले काय, हे अक्षर सांगू शकते. लिहिणारा उदार होता की कृपण, हे त्याच्याकडून वदवून घेणे म्हणजे साक्षीदाराला त्याने न पाहिलेल्या गोष्टी विचारणे होय.

हा केवळ पंडिती वाद नाही. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये उमेदवाराकडून हाताने लिहिलेले पत्र मागवून त्यावरून त्यास नोकरी द्यावी की नाही हे ठरविण्याची चाल पसरली होती. १९८९ साली नेटर व बेन-शाखर या इस्रायली संशोधकांनी अशा परीक्षांचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा ग्राफॉलॉजीचे जाणकार सामान्य माणसांहून सरस ठरले नाहीत. अक्षराच्या वळणावरून माणसाची भाकरी ठरविणे कितपत न्याय्य, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शेवटचा कागद २३ मार्च १८२७ चा, मृत्यूच्या तीन दिवस आधीचा. मृत्युपत्रास जोडलेल्या त्या दोनतीन ओळींत पुतण्या कार्ल हाच एकटा वारस असल्याचे लिहून त्याने खाली सही केली. या पुतण्याच्या ताब्यासाठी त्याने वर्षानुवर्षे कज्जे चालविले होते, त्याच्यावर अतोनात माया केली होती आणि त्याला जाचही केला होता. मरणोन्मुख हाताने केलेल्या सहीत ‘लुडविग’ या नावातील एक अक्षर गळले आहे. त्या गळलेल्या अक्षरावरून एवढेच कळते की हाती बळ उरले नव्हते. तो कोण होता हे सांगतो तो वरचा मजकूर.

आपल्या घरोघरच्या पेट्यांतून आजोबा-पणजोबांची पत्रे आहेत, देवस्थानच्या जुन्या वह्यांतून महाजनांच्या सह्या आहेत. कोणाची सही डौलदार, कोणाची थरथरती, कोणाच्या नावापुढे नुसता अंगठा. ती दप्तरे वाळवीपासून राखावीत आणि मोडी जाणणारा मिळताच वाचून घ्यावीत. सहीच्या वळणावरून पूर्वजांचे गुणदोष ठरविण्याआधी, ज्या ठरावाखाली ती सही केली तो ठराव काय होता, हे पाहावे. कोणी देवळाच्या दुरुस्तीसाठी स्वतःचे भात दिले असेल, कोणी वादात एकट्याने विरोध नोंदविला असेल. ते त्या कागदावर लिहिलेले आहे; वाचणाऱ्याची वाट पाहत आहे.