गवयाच्या घरची वाद्ये
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. गाण्याचे शास्त्र मला येत नाही. परंतु लग्न होऊन गवयाच्या घरी आले, आणि वाद्यांची देखभाल माझ्याकडे आली. त्याविषयीच चार शब्द सांगते.

आमच्या मामंजींनी जन्मभर गाणे शिकविले. त्यांच्या खोलीत मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी, हार्मोनियम, तबला-डग्गा आणि एक इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे. मिरजेत हत्यारे करणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात ही वाद्ये करावयास घेतली. २०२४ साली तेथील सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हार्मोनियम मूळची परदेशी. १९४० साली रेडिओने तिला बंदी केली, ती तीसएक वर्षे राहिली. पण आपल्या भजनांतून तिला कोणी उठविले नाही. आज इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला असेच नाक मुरडणारे आहेत. मामंजी तसे नव्हते. एकट्याने रियाज करताना किंवा प्रवासात ते तोच लावीत. मात्र नव्या मुलीला आधी खऱ्या तंबोऱ्याच्या चार तारा कानाने जुळवावयास बसवीत. बटण दाबले की सूर मिळतो, पण सुराचा कान मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आता सांभाळण्याविषयी. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, तारा गंजतात. म्हणून तंबोरा कोरड्या फडक्याने पुसावा, गवसणी घालावी आणि ओलीच्या भिंतीला टेकवू नये. भोपळा नाजूक, त्याला धक्का लागू देऊ नये. घोडीवर तारांचे चर पडून जवारी बिघडली, तर ती जाणत्या कारागिराकडूनच काढून घ्यावी. हार्मोनियमचा भाता उंदीर कुरतडतात; पेटी नेमाने वाजविली तर हे वेळीच ध्यानात येते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यातले सेल वापर नसताना काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतील पत्र्या खराब करतात.

मामंजी गेल्यावर घरात बोलणे निघाले, की खोली अडली आहे, वाद्ये विकून टाकू. विकण्यात वावगे काही नाही. वाजविणाऱ्याच्या हाती गेली तर मला आनंदच आहे. परंतु जे आले ते दिवाणखान्यात शोभेला तंबोरा मागत आले. त्यांना मी नाही म्हटले. घरच्यांनी मला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे.

म्हणून विनंती करते. एक तंबोरा आणि पेटी मंडळाच्या भजनवर्गासाठी घ्यावी. दुसरा तंबोरा शिकू इच्छिणाऱ्या मुलीने घरी न्यावा. पैसा नको. आठवड्यातून निदान दोनदा तो जुळवून वाजवावा, एवढीच अट. तारा कशा चढवावयाच्या, हे मी दाखवीन. ज्यांच्या मुलींना हौस आहे, त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.