रेसिडेंटचा बंगला



वारासिवनीचा हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. त्यांच्यावर लक्ष ठेवण्यास कंपनीचा रेसिडेंट सीताबर्डीस राही; निजामावर लक्ष ठेवणारा हैदराबादेस, मुसी नदीकाठी. आज मी बोलणार आहे तो या दुसऱ्या रेसिडेंटच्या घराविषयी. मराठीच्या मास्तराने वास्तुशास्त्रात शिरावे हे धाष्टर्यच. आपण ते पोटात घालाल.

जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने १८०३च्या सुमारास हे घर उभारावयास घेतले. आराखडा मद्रासच्या सैन्यातील अभियंता सॅम्युअल रसेल याचा, पैसा निजामाचा. किस्सा असा सांगतात की, जागेचा नकाशा मोठ्या कागदावर काढून नेला तेव्हा निजामाने नकार दिला. तोच लहानशा पत्त्यावर काढून नेताच होकार मिळाला. राज्याच्या नकाशाएवढाच मोठा नकाशा पाहून कोणता राजा धास्तावणार नाही?

समोरून पाहावे तर इंग्लंडातील एखाद्या उमरावाचे घर. सहा उंच कोरिंथियन स्तंभ, त्यांवर त्रिकोणी शीर्ष, रुंद पायऱ्या, दोहो बाजूंस दगडी सिंह. आत दुमजली उंचीचा दरबार. हा थाट मुळात इंग्रजांचाही नव्हे. सोळाव्या शतकातील इटालियन स्थपती पल्लादिओकडून त्यांनी तो उचलला. आणि त्याच सुमारास इंग्लंडात, ग्लॉस्टरशायरमधील सेझिंकोट येथे, कंपनीची चाकरी करून परतलेला चार्ल्स कॉकरेल आपल्या घरावर मोगली घुमट चढवीत होता!

माझी थोरली मावसबहीण नांदेडहून तेथे शिकावयास गेली होती. १९४९पासून त्या वास्तूत मुलींचे महाविद्यालय भरे. (मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होता.) खांबांचे तिला कौतुक नव्हते. "पावसात छत्र्या सिंहाला टेकवून ठेवायचो," एवढेच ती सांगे. पुढे तिच्यासोबत मी तेथे गेलो, तेव्हा तिने मला मागच्या बागेत नेले. तेथे त्याच घराची एक छोटी प्रतिकृती होती. कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा पडद्यात राही. तिला घर समोरून पाहता यावे म्हणून ती केली, अशी आख्यायिका आहे.

मला खरा प्रश्न तेथे पडला. खैरुन्निसा राहत असे तो रंगमहाल, देशी घडणीचा जनाना, याच आवारात होता. १८६०च्या सुमारास पुढच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो पाडला. त्यांना त्या विवाहाची आठवण नकोशी झाली होती. म्हणजे आज आपण 'इंग्रजी वास्तू' म्हणून जिचे जतन करतो, ती अर्धे घर पाडल्यामुळे इंग्रजी झाली आहे. ग्रंथकार तिचे वर्णन स्तंभांपासून करतात व स्तंभांपाशीच संपवितात. मला हे अपुरे वाटते.

आता ती संरक्षित वास्तू आहे. जागतिक स्मारक निधीच्या साहाय्याने तिची मोठी डागडुजी झाली, आणि महाविद्यालयाचे २०२२मध्ये महिला विद्यापीठ झाले. बहीण आता नाही. तेथे जाणाऱ्या आपल्या मुलींना मी एवढेच सांगतो: सिंह पाहून झाले की मागच्या बागेत जा, आणि रंगमहाल कोठे होता हे विचारा.