व्यसन झाकू नका



दारू हराम आहे, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणूनच घरातील कोणी पिऊ लागले की लोकलज्जेस्तव आपण ते झाकतो, आणि झाकलेले व्यसन वाढतच जाते.

तौबा मनापासून केली तरी ती निभावण्यास सोबत लागते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चे गट अंधेरी, बोरिवली, मुलुंड या उपनगरांतही आहेत. तेथे दारू सोडलेलेच नवख्याला आधार देतात. फी नाही, नावाचा गवगवा नाही. सोडण्याची इच्छा एवढीच अट. सभा चर्चच्या खोलीत भरली तरी बिचकू नका. तेथे कोणाचा धर्म पाहत नाहीत. नातलगांसाठी ‘अल-अनॉन’ आहे.

मुलांनो, वडिलांचे पिणे हा तुमचा दोष नव्हे. विश्वासातल्या शिक्षकांशी बोला.