अपंग मुलीची संमति

मालवणच्या किनाऱ्यावर पुष्कळ घरांतील कर्तीं माणसें मुंबईस चाकरीला असतात आणि अपंग मुलीची काळजी वृद्ध आजीकडे येते. तिच्या जेवणाची, औषधाची चिंता सारेच वाहतात; तिलाहि प्रेमाची, संसाराची इच्छा असेल, हा विचार मात्र सहसा कोणाच्या मनास शिवत नाहीं.

हा प्रश्न केवळ खेड्यांतला नव्हे. १९९४ च्या फेब्रुवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत, शिरूरच्या सरकारी वसतिगृहांतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींचीं गर्भाशयें काढण्यांत आलीं. मासिक पाळींत त्यांना स्वच्छता राखतां येत नाहीं आणि अत्याचार झाल्यास गर्भ राहील, अशीं कारणें देण्यांत आलीं. स्त्रीसंघटनांनीं विरोध केला व पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. गर्भाशय काढल्यानें अत्याचार टळत नाहीं. तो उघडकीस येण्याची एक वाट मात्र बंद होते.

२००९ सालीं चंदीगडच्या अशाच एका अनाथ तरुणीस मूल हवें होतें. तिच्या संमतीवांचून गर्भपात करण्यास सर्वोच्च न्यायालयानें नकार दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमानें, स्वेच्छेनें व समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांस मनाई केली.

घरांत हा कायदा पाळावयाचा, तर मुलीस तिच्या शरीराची ओळख सोप्या शब्दांत करून द्यावी. नकोशा स्पर्शास ‘नको’ म्हणण्यास शिकवावें. आणि तिनें कधीं ‘हवें’ म्हटलें, तर तेंहि आदरानें ऐकून घ्यावें.