शेवंती रात्र मोजते

पाऊस आता उघडीप देऊ लागलाय, हस्त नक्षत्र तोंडावर आलंय. या दिवसांत घरोघरच्या बागेत एक तक्रार हमखास ऐकू येते: झाडं नुसती तरारली आहेत, फुलांचा पत्ता नाही.

शेवंतीचं बोलायचं तर ती रात्र मोजते. पुण्याकडे जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरावर येतो. २२-२३ सप्टेंबरनंतर दिवसापेक्षा रात्र मोठी होत जाते आणि पुरेसा अंधार मिळू लागला की शेवंती कळी धरते. हा अंधार सलग हवा. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी तिची मोजदाद मोडते. पॉलिहाऊसवाले याचाच फायदा घेऊन वर्षभर फुलं काढतात. कळी नको असेल तेव्हा रात्री दिवे लावायचे, हवी असेल तेव्हा काळं आच्छादन ओढायचं. घरी आपणही नकळत तेच करतो. कुंडी ठेवतो जिन्यातल्या दिव्याखाली आणि बोल लावतो नर्सरीवाल्याला!

लिंबाचं गणित वेगळं. ते बघतं मातीतली ओल. पाणी तुटलं की वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी मिळालं की नव्या फुटीबरोबर फुलं येतात. बागाईतदार याला ताण देणं म्हणतात. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हे फुलोऱ्याचे सगळे हंगाम या ताणावरच धरायचे. हस्त बहाराची लिंबं ऐन उन्हाळ्यात, भाव चढलेला असताना हाती येतात. पण हाच बहार धरणं सर्वांत अवघड, कारण त्यासाठी आधी पावसाने थांबायला हवं. तो रेंगाळला की ताण बसत नाही आणि झाड नुसती पालवी फोडत राहतं.

त्यामुळे एकाच गच्चीवर लांबलेल्या पावसाने लिंबू चुकतं, शेवंती मात्र बहुधा वेळेवर येते. फार उकाडा असला तर थोडी उशिरा, इतकंच. पाऊस कितीही लहरी झाला तरी रात्र ठरल्याप्रमाणेच वाढते.

कुंडीतल्या लिंबाला शेतातल्यासारखा कडक ताण मात्र देऊ नका. कुंडीतली माती लवकर खडखडीत होते. पानं मलूल दिसली की थोडं थोडं पाणी सुरू करा. आधीच माजलेल्या झाडाला युरिया तर नकोच.

आणि शेवंतीच्या कुंड्या आज संध्याकाळीच दिव्यापासून दूर, खरोखर अंधार पडतो अशा कोपऱ्यात हलवा.